पाणी पिऊन आलात का? डोळ्याचं प्रेशर आणि नागपूरचा उन्हाळा

धंतोलीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. म्हणजे डॉक्टरांच्या आधी तुमचा नंबर काढणारी, डोळ्यावर फुस्सकन हवा मारणारी आणि "हनुवटी इथं ठेवा, कपाळ टेकवा, हलू नका" असं दिवसभर म्हणत बसणारी बाई असते ना, ती मी. एप्रिल लागला की माझ्या नेहमीच्या प्रश्नांत एक प्रश्न वाढतो, आत्ता पाणी प्यायलात का, आणि किती प्यायलात? लोक चमकतात. चष्म्याचं विचारा, शुगरचं विचारा, पण पाण्याचं काहून विचारून राहिली ही बाई, असं तोंडावर स्पष्ट दिसतं.

कारण असं आहे की कमी वेळात खूप पाणी प्यायलं की डोळ्याच्या आतलं प्रेशर थोडा वेळ वाढतं. सगळ्यांचंच वाढतं, पण बहुतेकांचं इतकं थोडं की कळतसुद्धा नाही, आणि काचबिंदू (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू खराब करणारा आजार) असलेल्यांचं कधी कधी चांगलंच वाढतं. आता नागपूरचा मे महिना डोळ्यापुढे आणा. माणूस काटोलहून एसटीनं येतो, बर्डीवर उतरतो, तोंडाला दुपट्टा बांधून ऑटोनं धंतोलीत पोचतो, आत आल्या आल्या थंड पाण्याची मशीन दिसते आणि मग काय, उभ्या उभ्या एक बाटली खाली. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांत त्याचा नंबर लागतो आणि मी त्याचं प्रेशर मोजते. म्हणजे नेमकं जेव्हा ते वर चढलेलं असतं तेव्हाच.

असेच एक काकाजी होते, जुने पेशंट, काचबिंदूचे ड्रॉप नियमानं टाकणारे, रीडिंग नेहमी सोळा-सतराच्या आसपास. त्या दिवशी तेवीस आलं. मी विचारलं, काकाजी पाणी प्यायलात का? तर म्हणे, "हाव, प्यालो ना, पूर्ण बाटली प्यालो, एवढ्या उन्हातून येऊन राहिलो, पाणी नाही पिणार तर काय करणार माणूस?" बरोबरच आहे त्यांचं. त्यांना बसवून ठेवलं, तासाभरानं पुन्हा मोजलं तर सतरा. विचारलं नसतं तर फाइलवर तेवीस लिहिलं गेलं असतं, डॉक्टरांनी कदाचित अजून एक ड्रॉप वाढवला असता, आणि काकाजी वर्षभर एका पाण्याच्या बाटलीपायी ड्रॉपचे पैसे भरत बसले असते. (थोडं वाढवून सांगतेय, आमचे डॉक्टर एका रीडिंगवर असं करत नाहीत, पण सगळीकडे पुन्हा मोजायला वेळ असतोच असं नाही.)

आधी एक घोळ मिटवते. डोळ्याचं प्रेशर आणि बीपी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "मी बीपीची गोळी घेतो ना, मग डोळ्याचं प्रेशर कसं वाढलं" हे आठवड्यातून एकदा तरी ऐकते. डोळ्याच्या पुढच्या भागात, बुबुळाच्या मागेपुढे, एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होत असतो. अश्रू नाही हां, अश्रू बाहेरून, हा आतला. मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर, म्हणजे अख्ख्या दिवसाचा जमा केला तरी चहाचा एक चमचा भरणार नाही. एका बाजूनं तो तयार होतो, बाहुलीतून पुढे येतो, आणि बुबुळ आणि पारदर्शक पटल जिथे मिळतात त्या कोनातल्या बारीक जाळीतून झिरपून शेवटी शिरांमधल्या रक्तात जाऊन मिळतो. साधारण दीड-दोन तासांत सगळा द्रव बदलून निघतो. येणं आणि जाणं यांचा जो मेळ बसतो त्यातून प्रेशर ठरतं. दहा ते एकवीस मिलिमीटर पारा हे साधारण नॉर्मल धरतात, पण त्यातही वीस म्हणजे सगळ्यांना चालतं आणि बावीस म्हणजे गडबड, असं काही नसतं. प्रेशर एकवीसच्या आत असूनही नस खराब होत जाणारे पेशंट आहेत, आणि चोवीस-पंचवीस असून वर्षानुवर्षं काहीच न होणारेही आहेत.

काचबिंदूत बहुतेक वेळा गडबड ही जाण्याच्या बाजूला असते. न्हाणीतली जाळी केसांनी अर्धी बुजली आहे असं समजा. नळ बारीक सोडला असेल तर कळतही नाही, पाणी निवांत जात राहतं. पण एक बादली भसकन ओतली की पाणी तुंबतं आणि पायापर्यंत येतं, मग हळूहळू उतरतं. जाळी साफ असेल तर तीच बादली पाच सेकंदात गायब. म्हणजे जाळी किती बुजली हे बघायचं असेल तर बादली ओतून बघायची.

हे डोक्यात बसलं की वॉटर ड्रिंकिंग टेस्ट आपोआप समजते. ही टेस्ट नवी नाही, १९२८ मध्ये श्मिट यांनी ती मांडली. पेशंटला काही तास पाणी प्यायला द्यायचं नाही, मग प्रेशर मोजायचं, मग पाच मिनिटांत जवळजवळ एक लिटर पाणी प्यायला लावायचं (कोणी वजनाप्रमाणे पाणी देतात), आणि मग दर पंधरा मिनिटांनी तास-पाऊण तास मोजत बसायचं. त्या काळी कल्पना अशी होती की सहा-आठने वाढलं तर काचबिंदू. पण नंतर लक्षात आलं की काचबिंदू असलेले कितीतरी लोक या टेस्टमध्ये पास होतात आणि नसलेले काही नापास होतात, तेव्हा निदानाची टेस्ट म्हणून ती बाजूला पडली आणि बरीच वर्षं पुस्तकांतच राहिली.

ती परत आली ती वेगळ्याच कामासाठी, आणि त्यात ब्राझीलचा मोठा वाटा आहे. साओ पाओलोचे रेमो सुझाना आणि त्यांच्याबरोबरचे लोक म्हणाले, की काचबिंदू आहे की नाही हे विचारायचंच नाही या टेस्टला, ते ठरवायला बाकी तपासण्या आहेत. ज्याला काचबिंदू आहे हे आधीच माहीत आहे त्याची जाळी ताण आला की कशी वागते, दिवसभरात त्याचं प्रेशर वर वर किती जाऊ शकतं, याचा अंदाज यातून घ्या. हे मला फार पटतं. कारण आमचा सगळ्यात मोठा प्रॉब्लेम हाच आहे. पेशंट सहा महिन्यांतून एकदा येतो, सकाळी अकरा वाजता त्याचं प्रेशर सोळा दिसतं, पण प्रेशर दिवसभर एकसारखं नसतंच. चांगल्या डोळ्यातही ते तीन ते सहाने वरखाली होतं, काचबिंदूत दहाच्या वरही फरक पडू शकतो, आणि पुष्कळांचा सगळ्यात वरचा आकडा पहाटे किंवा झोपेत असतो, तेव्हा आम्ही कुठे असतो मोजायला! अकराचा सोळा बघून आपण खूश, आणि नस मात्र हळूहळू मरत चालली आहे, असे पेशंट असतात. अशा वेळी पाणी पाजून वरचा आकडा काढणं ही आयडिया स्वस्त आणि मस्त आहे, लागतं काय, पाणी आणि घड्याळ.

आकड्यांचं म्हणाल तर चांगल्या डोळ्यात एक ते तीनने वाढतं आणि बहुतेकदा तासाभरात पूर्वीच्या जागी येतं. काचबिंदूत चार-पाचने किंवा त्याहून जास्त वाढू शकतं आणि उतरायलाही वेळ लागतो. आणि मला आवडलेली गोष्ट म्हणजे ज्यांचं काचबिंदूचं ऑपरेशन झालंय, द्रवाला जायला नवी वाट करून दिलीय, त्यांच्यात पाणी पाजल्यावरची ही उडी लहान होते. जाण्याची वाट मोकळी असेल तर उडी लहान, हे म्हणणं तिथं बरोबर जुळतं.

एक मात्र, ही टेस्ट घरी करून बघू नका. हार्टचा त्रास असेल, किडनीचा असेल, प्रोस्टेटमुळे लघवी अडत असेल तर पाच मिनिटांत लिटरभर पाणी हा खेळ नाही. आणि ज्यांचा डोळ्याचा कोन आधीच अरुंद आहे त्यांच्या बाबतीत तर ते डॉक्टरांसमोरच झालेलं बरं. शिवाय घरी मोजणार कशानं?

बरं, पाणी पोटात जातं, डोळ्यात नाही, मग प्रेशर वाढतं कसं? यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही, दोन-तीन कारणं सांगतात आणि बहुधा सगळीच थोडीथोडी खरी असावीत. जुनं उत्तर असं की खूप पाणी प्यायलं की रक्त थोडं पातळ होतं, रक्तात क्षार कमी भरतात, त्यामुळे पाणी डोळ्याच्या आत ओढलं जातं. याचा उलटा पुरावा आम्ही इमर्जन्सीत रोज वापरतो. अचानक कोन बंद होऊन काचबिंदूचा झटका आला, डोळा लालभडक, दुखणं डोक्यात चाललंय, उलट्या, प्रेशर पन्नासच्या पुढे, अशा वेळी शिरेतून मॅनिटॉल देतात, पूर्वी तर ग्लिसरीन लिंबाच्या रसात घालून प्यायला द्यायचे (चव विचारू नका, गोडमिट्ट). ही औषधं रक्त दाट करतात आणि डोळ्यातलं पाणी बाहेर खेचून घेतात, आणि प्रेशर धाडकन उतरतं. म्हणजे रक्ताच्या दाटपणाचा आणि डोळ्याच्या प्रेशरचा संबंध आहे हे नक्की.

दुसरं उत्तर शिरांचं. ती जाळी ज्या शिरांमध्ये उघडते त्या शिरांतलाच दाब पाणी प्यायल्यावर वाढतो, मग बाहेर जायच्या वाटेवरच गर्दी. आणि तिसरं कोरॉइडचं. रेटिनाच्या, म्हणजे डोळ्यातल्या मागच्या पडद्याच्या, मागे रक्तवाहिन्यांची एक गच्च गादी असते तिला कोरॉइड म्हणतात, डोळ्यात येणाऱ्या रक्तातलं बहुतेक सगळं रक्त, ऐंशी टक्क्यांच्या वर, या गादीत जातं. पाणी प्यायल्यावर ही गादी किंचित फुगते असं काही अभ्यासांत ओसीटी स्कॅनवर (डोळ्याच्या आतले थर दाखवणारा स्कॅन) दिसलंय. डोळा हा बंद गोळा आहे, त्याची भिंत काही फुग्यासारखी ताणत नाही, त्यामुळे आत काहीही जरासं फुगलं की प्रेशर वाढणारच.

आता रेटिनाच्या रक्ताकडे येते, कारण खरी गोम तिथेच आहे आणि पेशंटला समजावताना आम्ही ती बहुतेकदा गाळतो. वेळ नसतो, दुसरं काय. प्रेशर वाईट का? आकडा वाईट म्हणून नाही. नसेला आणि रेटिनाला रक्त पोचायला हवं आणि आतलं प्रेशर त्या रक्ताच्या वाटेत आडवं येतं, म्हणून. रेटिना म्हणजे डोळ्याच्या मागचा पातळ पडदा, वजनाच्या मानानं शरीरात सगळ्यात जास्त ऑक्सिजन खाणाऱ्या भागांपैकी एक. रक्त ढकलणारं बीपी एका बाजूला आणि अडवणारं डोळ्याचं प्रेशर दुसऱ्या बाजूला. दोघांतला फरक म्हणजे रक्ताला प्रत्यक्षात मिळणारा जोर.

ढोबळ हिशोब असा करतात. बीपी १२०/८० असेल तर सरासरी बीपी साधारण ९३. माणूस बसलेला असताना डोळ्यापर्यंत त्याचा दोन तृतीयांश जोर पोचतो असं धरतात, म्हणजे ६२. डोळ्याचं प्रेशर १६ असेल तर ६२ वजा १६, उरले ४६. आता एक बाटली पाणी गटागटा प्यायलं आणि प्रेशर १९ झालं तर उरले ४३. तीनने कमी, तेही अर्धा-पाऊण तास. चांगल्या डोळ्याला याचं काहीच वाटत नाही, कारण रेटिनाच्या रक्तवाहिन्या हुशार असतात, जोर कमी झाला की त्या स्वतः थोड्या रुंद होतात आणि जास्त झाला की आवळतात, त्यामुळे रक्त जवळजवळ तेवढंच मिळत राहतं. म्हणून चांगला डोळा असलेल्या माणसानं पाणी पिताना रेटिनाची काळजी करायची काही गरज नाही. प्या बिनधास्त. काचबिंदू असलेल्या काही लोकांत मात्र ही आपली आपण सांभाळून घेण्याची सोय कमजोर झालेली असते आणि वर प्रेशरची उडीही मोठी, सोळाचं चोवीस. तिथं मग विचार करावा लागतो.

अजून एक गंमत. पाणी नुसतं डोळ्याचं प्रेशर वाढवत नाही, काही लोकांत ते बीपीही वाढवतं. तरुण तब्येतीच्या माणसात फरक जवळजवळ नाहीच, पण म्हाताऱ्या माणसांत थोडा, आणि उठून उभं राहिलं की बीपी पडून चक्कर येते अशा पेशंटमध्ये चांगलाच. त्यांना तर डॉक्टर स्वतः सांगतात, उठायच्या आधी दोन ग्लास पाणी एकदम प्या. म्हणजे एकाच पाण्यानं ढकलणारा जोरही वाढतो आणि अडवणाराही. म्हणून "पाण्यानं प्रेशर वाढतं" एवढं अर्धं वाक्य घेऊन घरी जाणारा पेशंट मला सगळ्यात धोकादायक वाटतो.

आणि असे पेशंट येतात. गेल्या उन्हाळ्यात एक आजी आल्या, महाल भागातल्या, नातवाचा हात धरून. जीभ कोरडी, ओठ फुटलेले, बोलताना आवाज ओढून येत होता. प्रेशर मोजलं तर बारा. आजी एकदम खूश. "पाहा, मी म्हटलं होतं ना, पाणी कमी केलं तर प्रेशर उतरते." शेजारच्या कोणीतरी सांगितलं होतं म्हणे की काचबिंदूवाल्यानं पाणी प्यायचं नाही, म्हणून नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, दिवसाला दोन-तीन ग्लासांवर आल्या होत्या. मी बीपी घेतलं, ९० वर ६०. आता वरचाच हिशोब करा. सरासरी ७०, दोन तृतीयांश ४७, त्यातून १२ गेले, उरले ३५. वरच्या उदाहरणातल्या सोळाऐवजी डोळ्याचं प्रेशर बारा, तरी रक्ताला मिळणारा जोर ४६ ऐवजी ३५ च. आकडा सुधारला आणि डोळा उपाशी. पाणी कमी पडलं की रक्त दाट होतं आणि प्रेशर उतरतं हे खरंच आहे, पळून दमलेल्या माणसाचंही उतरतं, पण तो फायदा नव्हे. डॉक्टरांनी ओआरएस सुरू करून आजींना आधी फिजिशियनकडे पाठवलं, डोळ्याचं नंतर बघू म्हणाले. आजी माझ्यावर रागावून गेल्या, कारण बारा आकड्याचं कौतुक मी केलं नाही.

दाट रक्ताचा दुसरा धोका रेटिनाच्या शिरेचा. रेटिनातली शीर बंद पडणं, मग रक्त साचणं, सूज येणं, नजर अचानक एका डोळ्यानं धूसर होणं, हे उन्हाळाच काय बाराही महिने दिसतं. मोठी कारणं वय, बीपी आणि शुगर, आणि काचबिंदू हेही त्यातलंच एक. शरीरात पाणी कमी पडून रक्त घट्ट होणं हे त्यात भर घालतं. तर ज्या म्हाताऱ्या माणसाला बीपी आहे, शुगर आहे आणि काचबिंदूही आहे त्याला मे महिन्यात पाणी तोडायला सांगणं म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा. आपल्याकडे २३ मे २०१३ ला ४७.९ अंश झालेलं आहे बाप्पा, आणि २०२४ च्या मे अखेरीस कुठल्याशा सेन्सरनं ५६ दाखवलं तेव्हा हवामान खात्यानं तो बिघाड होता म्हणून सांगेपर्यंत अर्ध्या गावानं विश्वास ठेवला होता, कारण वाटतच होतं तेवढं.

मग करायचं काय? तेवढंच पाणी प्या, पण एकदम नको. काचबिंदू असेल तर हाच माझा आणि बहुतेक डॉक्टरांचा सल्ला. पाणी तोडायचं नाही, वाटून घ्यायचं. अर्धा ग्लास, एक ग्लास, तास-अर्ध्या तासानं परत. माठाशेजारी लिटरची बाटली न ठेवता छोटा पेला ठेवा. उन्हातून आलात तर आधी पंख्याखाली बसा, मग घोट घोट. आपल्या आज्या उन्हातून आलेल्या माणसाला आधी बसायला सांगून गुळाचा खडा आणि मग पाणी द्यायच्या, त्यांनी काही डोळ्याचं प्रेशर मोजलं नव्हतं, पण पद्धत चांगली होती.

इथंच तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा फॉरवर्ड येतो, जपानी वॉटर थेरपी, सकाळी उठल्या उठल्या तोंड न धुता चार ग्लास पाणी, सगळे रोग पळतात, दर सहा महिन्यांनी फॅमिली ग्रुपवर कोणीतरी काका टाकतातच. आणि आपल्याकडचं उषःपान तर आहेच, तांब्याच्या भांड्यातलं रात्रभर ठेवलेलं पाणी. माझ्या सासऱ्यांचं कित्येक वर्षांचं व्रत आहे ते आणि त्यांचे डोळे ठणठणीत आहेत, म्हणून मी काही बोलत नाही. पण काचबिंदूचा पेशंट सांगायला लागला की मी रोज सकाळी पाचला उठून लिटरभर पाणी पितो, तर मला जरा घाबरायला होतं, कारण पुष्कळांचं प्रेशर त्याच वेळी आधीच वर असतं आणि त्याच वेळी आपण बादली ओततो. रोज. त्या जाळीवर. उषःपान सोडा असं मी म्हणत नाही, एक ग्लास प्या, फिरून या, मग दुसरा प्या. चार ग्लास सकाळी सातपर्यंत पोटात गेले काय आणि दहापर्यंत गेले काय, किडनीला फरक पडत नाही.

तपासणीला येताना दोन तास आधीपासून खूप पाणी, ताक, उसाचा रस एकदम ढोसू नका, बस एवढंच. तहान लागली तर प्या, फक्त मला सांगा. आणि मोजताना श्वास रोखून धरू नका, डोळे गच्च मिटू नका, शर्टाचं वरचं बटण आवळलेलं असेल तर सोडा, लग्नातून थेट टाय घालून आलेल्या माणसाचंही प्रेशर थोडं जास्त येऊ शकतं. पटल जाड असेल तरी आकडा जास्त दिसतो, म्हणून पहिल्यांदा काचबिंदूचा संशय आला की आम्ही त्याची जाडीही मोजतो.

आता माझं खरं मत सांगते. पाण्यावर एवढं लिहिलं खरं, पण डोळ्याचं प्रेशर वाढवणाऱ्या गोष्टींत पाणी हा फार छोटा गुन्हेगार आहे. मोठा गुन्हेगार म्हणजे मेडिकलमधून स्वतःच्या मनानं घेतलेले स्टेरॉइडचे ड्रॉप. डोळा खाजतो, लाल होतो, दुकानदार एक बाटली देतो, दोन दिवसांत बरं वाटतं, मग माणूस तीच बाटली दोन-दोन वर्षं टाकत राहतो. काहींचं प्रेशर त्यानं तीस-चाळीसवर जातं, पाण्यासारखं तासाभरात उतरत नाही, आणि दुखत नाही म्हणून कळतही नाही. नस एकदा गेली की परत येत नाही. कॉलेजातली पोरं असतात हो यात, अ‍ॅलर्जीवाली, उन्हाळ्यात डोळे चोळणारी. त्यांच्या आईला मी विचारते, बाटली आणली का सोबत, दाखवा, आणि नाव वाचलं की पोटात गोळा येतो. आणि दुसरा गुन्हेगार म्हणजे घरात कोणाला काचबिंदू असूनही भावंडांनी आणि मुलांनी तपासून न घेणं. आई-वडिलांना आहे म्हणून ड्रॉप आणून देणारा पोरगा स्वतः कधी त्या खुर्चीत बसत नाही. भारतात काचबिंदूचे एक कोटीच्या वर पेशंट आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना तो असल्याचा पत्ताच नाही, कारण बाजूची नजर आधी जाते आणि समोरचं शेवटपर्यंत दिसत राहतं.

खुर्चीत बसल्या बसल्या लोक अजून काय काय विचारतात ते सांगून टाकते. योगासनांचं फार विचारतात. काचबिंदू असेल तर शीर्षासन नको, चेन्नईच्या शंकर नेत्रालयच्या लोकांनी योग करणाऱ्यांवर हे मोजलं होतं, २००६ मध्ये ते छापून आलं, शीर्षासनात प्रेशर जवळजवळ दुप्पट होतं. पाण्याच्या बाटलीपेक्षा कितीतरी जास्त. बाकी चालणं, अंबाझरी तलावाला फिरणं, उलट चांगलंच, व्यायामानं प्रेशर थोडं उतरतं. जिममध्ये श्वास रोखून जड वजन उचलणं टाळा. कॉफीनं काचबिंदूवाल्यांचं एक-दोनने वाढू शकतं, एक कप चालतो, फिल्टर कॉफीचे तीन मग नको. दारूनं उतरतं का असं एकानं हळूच विचारलं होतं, बायको बाहेर बसली होती म्हणून. थोडा वेळ उतरतं खरं, पण ते औषध म्हणून कोणी लिहून देत नाही, आणि मीही फाइलवर लिहिणार नाही असं सांगितलं. आणि तर्री पोह्याचं विचारणारेही आहेत. त्याचा डोळ्याच्या प्रेशरशी काही संबंध नाही, तर्री खाऊन वर गटागटा लिटरभर पाणी प्याल तो भाग वेगळा.